दारात प्रमाणपत्र मागण्याआधी

जानेवारी २०२२

प्रिय आई, बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, कोविडमुळे थांबलेली चर्चमधली उपासना पुन्हा प्रत्यक्ष सुरू करताना लस न घेतलेल्यांना आत घ्यायचं की नाही, असा प्रश्न चर्चच्या पंचमंडळापुढे आहे. मला वाटतं, तो चुकीच्या टोकाने धरला गेलाय. लसीचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की या माणसाला लागण झाली तर तो गंभीर आजारी पडण्याची शक्यता कमी. आज तो शेजारच्याला संसर्ग देईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. ओमिक्रॉन आल्यापासून तर दोन डोसांचं संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांतच बरंच उतरतं; गंभीर आजारापासूनचं त्या मानाने टिकतं. म्हणून लस घ्या असं पुलपिटवरून स्वच्छ शब्दांत सांगा, आणि दारात प्रमाणपत्र मागू नका. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

दारातल्या तपासणीचा साधा हिशेब करून बघा. एका माणसाला वीस सेकंद धरले तर दीडशे माणसांना पन्नास मिनिटं. दोन जण तपासायला ठेवले तरी पंचवीस. तेवढा वेळ सगळे पोर्चमध्ये एकमेकांना चिकटून उभे, म्हणजे दिवसभरातली सगळ्यात दाट गर्दी तिथेच. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक देशांत अजून लसच नाही. कुणाला डॉक्टरांनी थांबायला सांगितलेलं असतं, कुणाकडे फोन नसतो, कुणाच्या प्रमाणपत्रावरचं नाव ओळखपत्राशी जुळत नाही, आणि एखादा पाहुणा पहिल्यांदाच आलेला असतो. प्रत्येक वेळी निर्णय कोण घेणार? दारात उभा असलेला वीस वर्षांचा स्वयंसेवक, मागची रांग बघत असताना. परत पाठवलेलं माणूस सहसा पुन्हा येत नाही.

लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायची सूचनाही येईल. ती तर मुळीच मान्य करू नका. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’, यावर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय लिहिलंय ते पंचांना मी सांगायला नको. आणि विषाणू हवेत तरंगतो, त्याला बाकांच्या रांगा कळत नाहीत.

पण ‘देवाचं घर सगळ्यांना उघडं, म्हणून काहीच अटी नकोत’ म्हणणाऱ्यांनाही हे ऐकवा. मूत्रपिंड बदललेलं, केमो चालू असलेलं किंवा रितुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणारं माणूस तीन डोस घेऊनही अनेकदा पुरेशी प्रतिकारशक्ती कमावत नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, संरक्षण नाही. अशी माणसं घरीच थांबतात, आणि ती दारापर्यंत येतच नाहीत म्हणून बाहेर राहिलेल्यांत त्यांना कुणी मोजत नाही. अशक्त वाटणारे अवयवच आवश्यक आहेत, हे प्रेषित पौलाचं म्हणणं (१ करिंथ १२:२२) मला तरी आधी यांच्याबद्दल वाटतं.

व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात लसीकरण ऐच्छिक असावं म्हटलं, पण सदसद्विवेकामुळे नकार देणाऱ्याने इतर उपायांनी संसर्ग पसरू न देण्याची पराकाष्ठा केली पाहिजे, हेही त्याच टिपणात आहे. पुढे १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ग्रीन पास (लस घेतल्याचा, बरं झाल्याचा किंवा निगेटिव्ह चाचणीचा दाखला) सक्तीचा झाला, तेव्हा उपासनेला येणाऱ्यांना तेवढ्या वेळापुरती सूट ठेवली. कायदाच पास मागत असेल तर गोष्ट वेगळी. न्यूझीलंडच्या डिसेंबर २०२१ पासूनच्या नियमांत लाल, म्हणजे सगळ्यात कडक पातळीवर लसीचा पास तपासला तर उपासनेला १०० माणसं आणि न तपासता २५. अशा ठिकाणी पास न विचारता पंचविसांच्या दोन-तीन लहान उपासना घेणं मला अधिक पटतं. मेहनत पाळकांची वाढते, पण दारात कुणाला अडवावं लागत नाही.

आता हवेबद्दल. बैठकीतला निम्मा वेळ तरी यावर जावा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. साठ माणसांना ६०० लिटर, म्हणजे तासाला सुमारे २१६० घनमीटर. सभागृहाची लांबी, रुंदी, उंची मोजा. समजा १५ बाय ८ बाय ४ मीटर भरलं, तर ४८० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा बदलायची तर २४०० घनमीटर लागेल. हेपा फिल्टरच्या (हवेतले सूक्ष्म कण गाळणाऱ्या) मशीनवर स्वच्छ हवेचा दर, म्हणजे सीएडीआर, लिहिलेला असतो. तो तासाला ४०० घनमीटर असेल तर नुसत्या मशीनवर भागवायला सहा लागतील, तेही पूर्ण वेगावर. पूर्ण वेगावर आवाज होतो, मग प्रवचन ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी वेग कमी करतं आणि सगळा हिशेब फसतो. त्यापेक्षा जास्त मशीन, मधला वेग.

खिडक्या समोरासमोरच्या उघडा, उपासनेच्या अर्धा तास आधीपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत. एका बाजूच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. समोरून ताजी हवा आपोआप ओढली जाते. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत देतो, ‘एसी चालू आहे’ याचा अर्थ हवा बदलते असा नाही.

एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी हाच वायू मोजणारा; स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज दाखवतात. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, पण खिडकीपासून आणि माणसांच्या तोंडापासून दीड-दोन मीटर लांब. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतं. आत ८०० च्या खाली चांगलं, १००० ओलांडलं की आणखी खिडक्या उघडा, १५०० ला उपासना आवरती घ्या. आकडा सुरुवातीला नाही, शेवटच्या गीतानंतर वाचा, कारण तो हळूहळू चढतो. आणि फिल्टर हा वायू काढत नाही. त्यामुळे मशीन चालू असताना मीटर जास्त दाखवेल, पण हवा त्या मानाने बरी असेल.

आई, गाण्याचं तुला आवडणार नाही. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोराल या गायकवृंदाची (कॉयरची) अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते, ५३ आजारी पडले, त्यांतले दोघे वारले. हात स्वच्छ केले होते, मिठ्या टाळल्या होत्या; हवेचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. आवाज जितका मोठा तितके सूक्ष्म थेंब जास्त, म्हणून पाच गीतांऐवजी दोन, तीही मास्क लावून आणि माइकच्या भरवशावर हळू आवाजात. कॉयरला बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या बाजूला उभं करा, म्हणजे त्यांचा श्वास मंडळीवरून न जाता थेट बाहेर जाईल. तालीम अंगणात घ्या.

प्रभुभोजनासाठी छोटे पेले आधीच भरून झाकून ठेवा. भाकर एका पेल्यात बुडवणं सुरक्षित वाटतं, पण भाकरीबरोबर बोटंही बुडतात. आणि सॅनिटायझरची बाटली मेणबत्त्यांपासून दूर! त्यात ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं, त्याची ज्योत जेमतेम दिसते. हात पूर्ण वाळल्याशिवाय कुणी वात लावू नये.

लस विचारायचीच तर ती सेवा करणाऱ्यांना विचारा: आजाऱ्यांच्या घरी जाणारे, संडे स्कूलचे शिक्षक, प्रभुभोजन वाटणारे, कॉयर. कारण ते दुसऱ्याच्या जवळ जातात, आणि सेवा ही जबाबदारी आहे, आत येण्याचा हक्क नाही. पाळकांनी एकेकाशी खासगीत बोलावं, प्रमाणपत्राची प्रत ठेवू नये. नाही म्हणणाऱ्याला हिशेब, साउंड किंवा फोनवरून विचारपूस अशी कामं द्यावीत, आणि कारण मंडळीत चघळलं जाऊ नये. घरभेटीच्या दिवशी सकाळी रॅपिड टेस्ट करावी. किटवर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायची, तासाभराने दिसलेली फिकट रेघ धरायची नाही. निगेटिव्ह आली तरी ती त्या दिवसापुरती, आणि घसा दुखत असेल तर तरीही घरीच थांबायचं.

प्रत्यक्ष उपासना सुरू झाली की ऑनलाइन बंद करायची घाई बऱ्याच मंडळ्या करतात. करू नका. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी साध्या फोनवरून ऐकता येणारी कॉन्फरन्स लाइन ठेवा. कमी प्रतिकारशक्तीच्या सभासदांसाठी महिन्यातून एकदा अंगणात, सगळ्यांनी एन-९५ लावून, पस्तीस-चाळीस मिनिटांची उपासना घ्या. वेळ त्यांना विचारूनच ठरवा. उपचारांचे दिवस आपल्याला माहीत नसतात.

फलकावर लावायचा मजकूर साधा ठेवा: ‘ताप, खोकला, घसादुखी असेल तर आज घरून सहभागी व्हा. आत सर्वांनी मास्क लावावा. नसेल तर दारात मिळेल. लस घेतली का, हे इथे विचारलं जाणार नाही.’ मास्कची पेटी दारातच ठेवा, नाहीतर तिसरं वाक्य खोटं पडेल.

बाबा, बैठकीआधी एखाद्या रविवारी रिकाम्या सभागृहात आणि मग वीस-पंचवीस माणसं बसवून मीटर वाचा, दोन्ही आकडे मला कळवा. कुठल्या खिडक्या उघड्या होत्या तेही लिहा.

तुमची लेक