'दळण'चे 'दलण' करणारी पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा माझ्या 32 वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. जात्यावरच्या ओव्या, शेतीतले शब्द, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलेले सगळे त्यात होते. पाणी ओसरल्यावर 13 वह्या वाचता आल्या. बॉलपेनाचे लिखाण टिकले, शाईपेनाच्या पानांवर नुसता निळा डाग उरला. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याचजणी आज हयात नाहीत.

पुढे मुलाने हाताने लिहायची डिजिटल पाटी घेऊन दिली. तिच्या पडद्यात काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली सरकतात. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, त्यामुळे खेड्यात चार दिवस राहिले तरी चार्जरची आठवण होत नाही. लेखणीला बॅटरी नाही, ती पाटीकडूनच वीज घेते. माजघरात अंधार असला तर मात्र दिवा लावावा लागतो. याहून मोलाची गोष्ट म्हणजे मोबाइल पुढे धरला की आज्या गप्प होतात. पाटीवर लिहायला लागले की "लिही बाई, लिही" म्हणत ओवीमागून ओवी सांगतात. लिहिलेल्या पानांच्या पीडीएफ मी त्याच रात्री दोन ठिकाणी साठवते. पुराची भीती आता तेवढी राहिली नाही.

पण हजारभर पानांत एखादा शब्द कुठे आला, हे शोधायला गेले की काहीच हाती लागत नाही. हस्ताक्षर ओळखून त्याचा मजकूर करण्याची सोय या पाटीत आहे, भाषांची लांबलचक यादीही आहे, फक्त तिच्यात मराठी नाही. हिंदी निवडून पाहिली, तर 'दळण'चे 'दलण' झाले. 'वाऱ्या'तला अर्धा र तिला कळलाच नाही. जात्यावरच्या ओव्यांची वही, आणि तिच्यात दळणच सापडेना!

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. 'ळ' आणि 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, आहेत. फोनच्या कीबोर्डवर बोटाने लिहिलेली मराठी अक्षरे ओळखली जातात, हे मी स्वतः रोज पाहते. मग महागड्या पाटीला ते का जमू नये? ग्राहक मागत नाहीत म्हणून कंपन्या देत नाहीत, असे मला वाटते. म्हणून पाटी घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातच स्वतःच्या हाताने 'दळण' लिहून पाहावे आणि मजकूर नीट उमटला नाही तर तसे लेखी कळवावे. सरकारी कार्यालये व शाळांसाठी अशी उपकरणे घेताना मराठी हस्ताक्षर ओळखण्याची अट घालावी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्यानंतर एवढे मागणे जास्त नाही.

राज्य मराठी विकास संस्थेने किंवा एखाद्या विद्यापीठाने सातारी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या हातच्या लिखाणाचे नमुने गोळा करून सर्वांसाठी खुले करावेत. यंत्र शिकते ते अशा नमुन्यांवरच. माझ्या वाचलेल्या 13 वह्या आणि पाटीवरची सगळी पाने मी त्यासाठी विनामूल्य द्यायला तयार आहे. ओव्या सांगणाऱ्यांची संमती मी घेईन. ज्या हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली