चिमणीच्या पायाची सूज

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल परतताना तू म्हणालास, "आई, आज नको." म्हणून गप्प बसले. फोन केला तर "बरं, बरं" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहिते आहे.

काल रेसकोर्सवर मला फार आवडलं, हे आधी सांगते. तुम्ही सगळे वाटेकरी गळ्यात बिल्ले अडकवून पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, उभे होतात आणि तुमची घोडी चिमणी समोरून गोल फिरत होती. तिच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती. पोटपट्टा आवळताना तिने कान मागे टाकले, आणि सईस हळू आवाजात काहीतरी बोलला तसे ते पुन्हा पुढे आले. तू म्हणालास, वजन साधारण ४५० किलो, आणि गुडघ्याखाली स्नायू नाहीतच, नुसती हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर. भरधाव पळताना एकेका पायावर अंगाच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो म्हणे. ते ऐकलं आणि मग शर्यतभर मी तिचे पायच बघत राहिले.

शेवटच्या फर्लांगात ती बाहेरच्या बाजूने पुढे सरकली, तेव्हा तू ओरडलासुद्धा नाहीस, माझं मनगट धरून ठेवलंस. मानेच्या अंतराने तिसरी! बाकीचे बक्षिसाचा हिशेब करायला लागले आणि तू सरळ सईसाकडे गेलास, "डावा पाय उचलून टाकतेय का?" म्हणून विचारायला. सूज सगळ्यांत आधी तुला दिसली. ट्रेनरही मग तुझ्याशीच बोलले. मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

आणि भीती वाटली तीही तिथेच. कंडरा दुखावली असेल तर भरून यायला वर्षसुद्धा लागतं. तेवढे महिने बक्षीस नाही. पण खुराक, तबेला, सईसाचा पगार, नाल, डॉक्टर, काहीच थांबत नाही. गाडीजवळ तुझ्या त्या दोन मित्रांचं बोलणं मी ऐकलं. त्यांना बाहेर पडायचंय. आणि तू म्हणालास, "बघू, मी घेतो तुमचे वाटे."

चौथीत चौघांनी मिळून बॅट घ्यायची ठरली होती, आठवतं? तिघांनी पैसे आणलेच नाहीत. तू गल्ला फोडलास आणि मला म्हणालास, खेळणार तर सगळेच आहेत ना. तुझ्या बाबांनी तेव्हा मला तुला एक शब्द बोलू दिला नाही. रात्री तू ती बॅट उशाशी घेऊन झोपला होतास.

ते वेगळं, कबूल. पण तुमच्या वाट्यांचा कागद नीट वाच. एखाद्याने महिन्याचे पैसे थांबवले तर त्याचा भार कोणावर? विकायची ठरली तर किती जणांची संमती लागते? आणि तिचं पळणं संपलं की ती कुठे जाणार, हे कुठे लिहिलंय का? शर्यतीची वर्षं मोजकी असतात, घोडा २५-३० वर्षं जगतो. १ जानेवारीला शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय एकदम वाढवतात, म्हणून ती कागदावर ३ वर्षांची. जन्म तर एप्रिलचा, म्हणजे अजून तीनही पूर्ण नाहीत. भाऊकाकांच्या वेळीही सही एकट्याची आणि...

जाऊ दे. तो विषय काढणार नव्हते. तुला शिकवायला बसले, रागावू नकोस. तुझा पगार, तुझी हौस, आणि हौस चांगली आहे. मी परत येईन बघायला, तू म्हणशील तेव्हा.

फक्त बाकीचे मागे सरले म्हणून तू सगळं अंगावर घेऊ नकोस. घ्यायचंच असेल तर चिमणीसाठी घे, त्यांना नाही म्हणवत नाही म्हणून नको. मला हे दोन्ही वेगळे दिसतात, तुला काल दिसत नव्हते.

स्कॅनचा रिपोर्ट आला की फोन कर, कितीही रात्र झाली तरी. तोपर्यंत त्या दोघांना शब्द देऊ नकोस.

तुझी,
आई