सातपुड्यात मतदारसंघाची हद्द आखताना

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

जनगणनेचे आकडे आले की मतदारसंघांची पुनर्रचना होईल. हद्दी ठरवणाऱ्या परिसीमन आयोगापुढे जाणारे नकाशे निवडणूक यंत्रणाच तयार करते, म्हणून हे पत्र आत्ताच.

२००२ च्या परिसीमन कायद्याचे कलम ९ सांगते की भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. तापीकाठच्या सपाटीवर हे चारही बहुधा जुळतात. सातपुड्यात जुळत नाहीत. तोरणमाळ अक्राणी तालुक्यात, म्हणून अक्कलकुवा मतदारसंघात. पण डोंगर उतरायचा नेहमीचा घाट राणीपूरमार्गे शहाद्याला. अक्कलकुवा आणि शहादा हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, त्यामुळे आरक्षण आड येत नाही. आड येते ती फक्त तालुक्याची हद्द. अशा ठिकाणी रस्त्याला जास्त वजन द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नर्मदाकाठचे दुखणे वेगळे. सरदार सरोवर पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरले की पाणी पात्रात थांबत नाही, प्रत्येक नाल्यात आत शिरते. नकाशात शिवेला शीव लागून असलेल्या दोन गावांमध्ये पाणी येते आणि समोरच्या पाड्यावर जायला बोट लागते. उन्हाळ्यात पाणी उतरते, तेव्हा काठावर नुसता गाळ. काठावरच्या मणिबेलीचा मतदार पावसाळ्यानंतरच्या विधानसभेला भरलेले पाणी बघतो आणि उन्हाळ्यातल्या लोकसभेला हा गाळ. हद्द मात्र एकच, ती दोन्ही ऋतूंत चालली पाहिजे.

म्हणून नकाशावर पूर्ण जलपातळीची रेषा दाखवा. बारमाही रस्ते एका रंगात आणि चांदसैली घाटासारखे दरड कोसळून बंद पडणारे दुसऱ्या रंगात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाडे. जनगणनेत गाव एक, पण वस्ती डोंगरभर विखुरलेली. गावाचा एकच ठिपका काढला की दूरचे पाडे हिशेबातूनच जातात. बुडितातली कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या पुनर्वसन वसाहतींत आली आहेत, त्यांची मोजणी जुन्या गावात होऊ नये.

गेल्या पुनर्रचनेत लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालवून घेतली होती. ही मुभा खरी लागते ती डोंगरात.

अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते, मग न्यायालयातही फार थोडी जागा उरते. जे काही बोलायचे ते मसुद्यावरच. तेव्हा मसुद्याची गावनिहाय यादी मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी आणि एक सुनावणी अक्राणी तालुक्याचे ठिकाण असलेल्या धडगावला, पावसाळा सोडून ठेवावी, ही विनंती.

आपले,
नंदुरबार जिल्ह्यातील मतदार