चि. रेवतीस पत्र

चि. रेवती हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "बाळ पोटात असताना मी रोज गोळी घेत राहिले" एवढे म्हणून तुला पुढे बोलवेना, म्हणून लिहिते आहे. गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी नकळत घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बाळात व्यंग येण्याचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. डेन्मार्कमधील ८ लाखांहून अधिक बाळांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या गोळ्या कधीच न घेतलेल्या आणि गरोदरपणातही घेतलेल्या अशा दोन्ही मातांच्या बाळांत मोठ्या व्यंगांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, हजारी सुमारे २५ होते. मोठ्या मावशी सांगतात ते औषध निराळे. गर्भपात टाळण्यासाठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलमुळे पोटातल्या मुलींना पुढे एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, हे १९७१ साली उघड झाले. तुझ्या गोळीत ते नाही. आता मात्र गोळी लगेच बंद कर.

माझी काळजी वेगळीच आहे. ओवी अंगावर पिते म्हणून तुला दिलेली गोळी फक्त प्रोजेस्टोजेन या एकाच संप्रेरकाची आहे, आणि ती चालू असताना गर्भ राहिलाच तर तो गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असण्याची शक्यता थोडी अधिक असते. तेव्हा सोनोग्राफी लवकर करून घे. पाळी अनियमित असल्याने दिवसही त्यातूनच नीट कळतील. ही गोळी ठरल्या वेळीच घ्यावी लागते, काही प्रकारांत तर ३ तासांचा उशीरही चालत नाही, हे तुला... असो. आता हे ऐकवण्यात अर्थ नाही, राग मानू नकोस.

दहावीला अपेंडिक्स दुखत असताना तू पेपर पुरा लिहून, स्वतःच्या पायांनी घरी आलीस. बाबा ते आजही अभिमानाने सांगतात, आणि मला मात्र तेव्हापासून तुझ्या सोसण्याचीच भीती वाटते. या वेळी सोसू नकोस. ओटीपोटात एका बाजूला कळ आली, रक्त गेले, खांद्याच्या टोकाशी दुखले किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठ.

फोलिक ॲसिड रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. तुझी मात्रा डॉक्टरांना विचार. पुन्हा तेच म्हणते, पण सोनोग्राफीचा दिवस ठरला की कळव, म्हणजे ओवीला सांभाळायला मी आदल्या दिवशीच येईन.

तुझी आई