तक्रार: फाउंड्रीच्या शूटला दिलेली खराब बॅटरी आणि माझं कापलेलं डिपॉझिट

नमस्कार,

मी कोल्हापूरचा, इंडस्ट्रियल फोटोग्राफी करतो, तीन वर्षं झाली तुमच्याकडून फोटोग्राफीचं सामान भाड्याने मागवतोय. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाकता, मी सकाळी कावळा नाक्यावर उतरवून घेतो, कधी काही बोलायची वेळ आली नाही. पण यावेळी तुम्ही २५,००० च्या डिपॉझिटमधले ११,५०० कापले आणि कारण लिहिलंय "हीट डॅमेज", म्हणजे भट्टीच्या धगीने फ्लॅशचा डावा हेड खराब झाला आणि बॅटरीचा लॉक वाकला, ते मला अजिबात मान्य नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

शूट शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याचं होतं. रात्रपाळी, एसजी आयर्नचं (एक प्रकारचं चिवट ओतीव लोखंड) कास्टिंग. बुकिंग करतानाच मी व्हॉट्सअपवर लिहिलं होतं की फाउंड्री आहे, फ्लॅश फुल पॉवरवर चालवावे लागणार, ६०० वॉट-सेकंदाचे दोन बॅटरीवाले फ्लॅश हेड द्या आणि एक स्पेअर बॅटरी द्या. तुमच्याकडून उत्तर आलं, "सगळं चेक करून पाठवतो, स्पेअरची गरज पडणार नाही." हा मेसेज माझ्याकडे आहे.

बॅटरीवालेच का मागितले तेही सांगतो, कारण फोनवर तुमचा माणूस म्हणाला की मग लाइटवर चालणारे घ्यायचे होते. अहो, जिथे १४०० डिग्रीच्या आसपासचं मेटल लेडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यातून ओततात तिथे जमिनीवर वायर टाकू देत नाहीत, कुणाचा पाय अडकला तर काय होईल विचार करा. पाण्याची बाटलीसुद्धा गेटवर ठेवून घेतली, कारण पातळ मेटल ओलाव्यावर पडलं की स्फोट होतो.

आणि फ्लॅशशिवाय तिथे भागतच नाही. फाउंड्रीतल्या उजेडाचा प्रश्न फार जुना आहे, अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ओटिस स्टील कारखान्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या फोटोग्राफरने १९२८ च्या सुमारास फोटो काढले तेव्हाच्या फिल्मला वितळलेल्या लोखंडाचा तांबडा उजेड पकडताच येत नव्हता, शेवटी मॅग्नेशियमचे फ्लेअर पेटवून फोटो काढले. आजच्या सेन्सरला तांबडं दिसतं, पण मेटलच्या धारेला एक्स्पोजर लावलं की बाकी सगळी शेड काळी पडते आणि शेडला लावलं की धार पांढरीफटक जळते. म्हणून मागून-बाजूने फ्लॅश मारून माणसं आणि मशिनरी उचलावी लागतात, त्यात रंग जुळवायला केशरी जेल (फ्लॅशवर लावायची रंगीत पारदर्शक शीट) लावली की ती अजून उजेड खाते, म्हणून फुल पॉवर.

आता त्या रात्रीचं. पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या मेटलचा पहिला घाणा, साडेअकराला आली. डावीकडच्या हेडची बॅटरी खाचेत घालतानाच घट्ट जात होती, मला वाटलं धूळ असेल. डिस्प्लेवर चारही काड्या फुल. मॅन्युअलमध्ये या हेडला एका चार्जवर ३६० फुल पॉवर फ्लॅश लिहिलेत, ही बॅटरी ३७ व्या फ्रेमला लाल झाली आणि हेड बंद पडला. मी फाइली मोजल्यात, ३८ व्या फ्रेमपासून डावी बाजू काळी आहे.

ते नेमकं कधी झालं तर लेडलमध्ये मॅग्नेशियम ट्रीटमेंट, म्हणजे वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळणं, चालू असताना. डोळे दिपवणारा पांढरा भडका उठतो, धुराचा लोट वर जातो आणि तेवढ्यात फोटो मिळाला तर मिळाला. त्यानंतर १०-१२ मिनिटांत सगळं मेटल मोल्डमध्ये ओतून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचा परिणाम उतरतो आणि अख्खी हीट वाया जाते, त्यामुळे फोटोग्राफरसाठी कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. लेडल धरणारे मामा चंदेरी कोट घालून, व्हायझर खाली करून उभे होते, हनुवटीवरून घाम गळत होता, त्यांच्या चेहऱ्यावर डावीकडून उजेड यायला हवा होता. चेहरा काळा आलाय. क्लायंटला एक्स्पोर्टच्या कॅटलॉगच्या कव्हरला हाच फोटो हवा होता.

आता मुद्द्याचं. पुढच्या हीटला मी उजव्या हेडची चांगली बॅटरी काढून डाव्या हेडला लावली आणि तोच हेड, ज्याला तुम्ही उष्णतेने खराब झाला म्हणताय, पहाटे चारपर्यंत एकदाही न अडकता चालला. मग खराब काय होतं, हेड का बॅटरी? दोन्ही स्टँड लेडलपासून १८-२० फुटांवर होते, उजवा तर भट्टीच्या जास्त जवळ, त्याला काही झालं नाही. मी स्वतः डाव्या स्टँडला हात लावून उभा होतो, प्लास्टिक वितळेल एवढी धग असती तर आधी मी भाजलो असतो. लॉक वाकलाय तो बॅटरी आतून फुगल्यामुळे, सेल जुने झाले की ते फुगतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तुमच्या बारकोड स्टिकरच्या कडेला २०१९ छापलेलं दिसतंय. आणि फुगलेली लिथियमची बॅटरी तुम्ही मला भट्टीच्या शेडमध्ये न्यायला दिलीत, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे, तिथे पंधरा माणसं काम करत होती.

मला कापलेले ११,५०० परत हवेत आणि त्या एका हेडचं दोन दिवसांचं भाडं ३,६०० परत हवं. ती बॅटरी भाड्याच्या सामानातून काढून टाकली असं मेलवर लिहून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि पार्सल पाठवायच्या आधी बॅटरी फुल पॉवरवर शंभरेक फ्लॅश मारून बघत जा, चार काड्या दिसल्या म्हणजे चेक झालं असं होत नाही.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, ३६ ते ४० नंबरच्या फ्रेम आणि बॅटरीचा बाजूने काढलेला फोटो सोबत जोडलाय. साखर कारखान्याच्या शूटचं पुढचं बुकिंग तुमच्याकडे केलं होतं, ते याचं उत्तर येईपर्यंत थांबवलंय. आठ दिवसांत काही कळलं नाही तर ग्राहक आयोगात अर्ज देणार आहे.

तुमचा ग्राहक,
कोल्हापूर