लॉकेट दाबलं, पण उठणार कोण?

संपादक महोदय,

दिवाळीत भाचीसाठी काही घ्यावं म्हणून बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गेले होते. दुकानदाराने सुरक्षेचं लॉकेट दाखवलं. दोनदा दाबलं की घरच्यांना निरोप जातो म्हणे. भाची नर्स आहे, रात्रपाळी असते, घेऊन टाकलं.

घरीच चाचणी घेतली. तिने हॉलमध्ये लॉकेट दाबलं, फोन मागच्या खोलीत चार्जिंगला. काहीच झालं नाही. हे लॉकेट ब्लूटूथवर चालतं, निरोप पाठवतो तो फोनच. ब्लूटूथचा पल्ला दहाएक मीटर, मध्ये भिंती आल्या की आणखी कमी. म्हणजे पर्स हिसकावली किंवा फोनची बॅटरी संपली की गळ्यात उरतो तो नुसता दागिना. दुसऱ्यांदा फोन जवळ ठेवला. यादीत भरलेल्या घरच्यांच्या पाचही नंबरांवर निरोप गेला. माझा फोन सायलेंटवर, तिचे बाबा उमरेडला, आणि पुण्याच्या भावाने उत्तरादाखल अंगठा पाठवला! पोलिसांकडे तर निरोप जातच नाही.

पोलिसांना बोलवायला ११२ हा आपत्कालीन नंबर आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये तो लावणारं संकटाचं बटण हवं, असा केंद्राचा आदेश आहे: स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. आमच्या घरात हे एकालाही ठाऊक नव्हतं. (मीही चाचणीनंतरच शोधलं.)

खरी अडचण मात्र वेगळीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. लॉकेट अंधाऱ्या रस्त्यासाठी बनवलेलं; घरी आल्यावर मुलगी ते काढून ठेवते. आणि तो ओळखीचा माणूस त्या पाच नंबरांतच असेल तर?

लॉकेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण विकणाऱ्याने निरोप कुठे जातो, कशावर चालतो, हे डब्यावर मराठीत ठळक छापावं. शहर पोलिसांनी कॉलेजांत, एमआयडीसीच्या कंपन्यांत आणि इस्पितळांच्या वसतिगृहांत ११२ ची तालीम घ्यावी, तीही रात्रपाळीवाल्यांना जमेल अशा वेळी.

भाचीने यादी बदलली आहे. काका-मामा गेले, वॉर्डातली मैत्रीण आणि शेजारच्या काकू आल्या. माझा नंबर राहिलाय, पण रात्री फोन उशाशी ठेवायचा, या अटीवर.

– एक मावशी, मानेवाडा, नागपूर