गळतीचा हिशेब मागा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. प्रथम वर्षाचे प्रवेश संपले की आमची पटसंख्या विद्यापीठाकडे जाते, सहसंचालक कार्यालयाकडे जाते, केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणातही जाते. दिवाळीनंतर त्यातली किती मुले वर्गात उरली, हे कोणी विचारत नाही. शाळांमधल्या गळतीचा दर यू-डायस या शालेय माहिती प्रणालीच्या अहवालात दरवर्षी छापून येतो. महाविद्यालयांच्या गळतीचा तसा आकडा शोधूनही हाती लागत नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ऊस तोडायला दोघांची जोडी, म्हणजे एक 'कोयता', लागते. हजेरीपटावर सलग गैरहजेरीच्या खुणा दिसू लागल्या की मुलगा फडावर, म्हणजे ऊसतोडीला, गेला हे आम्ही समजून जातो. मुलगी असेल तर बहुतेक वेळा लग्न ठरलेले असते. प्रथम सत्राच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कार्यालयाच्या खिडकीशी उभी असलेली एक विद्यार्थिनी मला अजून आठवते. फॉर्म भरलेला, फोटो चिकटवलेला, फक्त पैसे कमी. शिष्यवृत्ती आली की भरते, म्हणाली. शिष्यवृत्ती तोवर आली नव्हती. शिक्षकांनी मिळून ते पैसे भरले. पण दर वर्षी अशा किती जणींपर्यंत आम्ही पोचणार?

या गळतीची किंमत सगळेच मोजतात. विनाअनुदानित तुकडीचे साधे गणित बघा. समजा 60 जागा आहेत, वार्षिक फी 20 हजार आहे आणि पहिल्या वर्षानंतर 20 मुले गेली. पुढच्या दोन वर्षांत 8 लाख रुपये बुडाले, कारण वरच्या वर्गातली रिकामी जागा सहसा भरून येत नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वीजबिल मात्र तेवढेच राहते. अनुदानित बाजूला पट घसरला की शिक्षकांचा कार्यभार, म्हणजे मंजूर तास, घसरतो, पद धोक्यात येते आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा घास आधी जातो. शासनाने त्या मुलावर केलेला खर्च पदवीविना संपतो. घरच्यांनी फी, खोलीभाडे, मेस यांसाठी काढलेले कर्ज मात्र फिटेपर्यंत मागे लागते.

नावाचे नुकसान याहून खोल आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या स्वयंमूल्यमापन अहवालात आजवर उत्तीर्णांची टक्केवारी अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवरच काढली जात आली. प्रथम वर्षाला 120 आले, शेवटी 50 बसले, 45 पास झाले, तर निकाल 90 टक्के. मधले 70 कुठेच नाहीत. कागदावर महाविद्यालय चांगले दिसते, पण वस्त्यांवर आणि तांड्यांवर लोकांना खरे माहीत असते. "अमक्याचा पोरगा दोन वर्षं कॉलेजला जाऊन पुन्हा टोळीत गेला," एवढे एक वाक्य पुढच्या वर्षीचे प्रवेश कमी करायला पुरते. त्यातून तालुक्याचे महाविद्यालय म्हणजे वेळ घालवण्याची जागा, असा समज घट्ट होतो. यात आमच्या अध्यापनाचाही दोष असेल, तो आम्ही सुधारू. पण आधी आकडा समोर यायला हवा.

शासनाने काही केलेच नाही असे मी म्हणत नाही. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हा मोठा निर्णय आहे. मात्र ग्रामीण मुलीला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. त्यापुढे सवलतीचा पास पैसे भरूनच काढावा लागतो, आणि दोन बहिणी शिकत असतील तर पैशाअभावी घरात एकीचाच पास निघतो. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. पण अर्ध्या वर्षात फडावर गेलेल्याचे श्रेयांक (क्रेडिट) अपुरे असतात, त्याला ती वाट उपयोगाची नाही. परत यायचे ठरवले तर बाकी फीसाठी दाखला अडलेला. मूळ कागदपत्रे अडवू नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2018 मध्येच बजावले आहे; खेडोपाडी ते पोचलेले नाही.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षात गेले, किती गेले नाहीत आणि का, हे दर वर्षी जाहीर करावे, असा शासन निर्णय काढावा. खरा आकडा देणाऱ्या महाविद्यालयाला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, नाहीतर पुन्हा खोटेच आकडे येतील. महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला किती दिवस पडून राहिले, याची दर महिन्याला सहसंचालकांनी झडती घ्यावी आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिवाळीआधी खात्यात पडावा. पदवीच्या मुलींना एसटी पास मोफत करावा. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची प्रथम सत्राची परीक्षा टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात पुन्हा घेण्याची मुभा विद्यापीठांना द्यावी.

यातले शेवटचे काम सर्वात सोपे आहे आणि त्याला पैसा जवळपास लागत नाही. यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ते करावे.

आपला नम्र,
एक प्राध्यापक, बीड जिल्हा